काटा अडलाय, आणि त्याच्यासोबत मीही. तुम्ही टिकून कसे राहता?

आनंदनगरची | ५ ऑक्टोबर, सकाळी ७.१०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचनमात्र होते. आज लिहितेय ते रडगाणं आहे, हे आधीच सांगते.

वय ४६, उंची पाच फूट दोन इंच, नोकरी बँकेत, म्हणजे दिवसभर खुर्ची. मार्चमध्ये तपासणी झाली, एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ६.१ आणि वजन ७८.४. आईला मधुमेह, मामांना मधुमेह, त्यामुळे धाबं दणाणलं. फॅडबीड काही केलं नाही. रात्रीचं जेवण आठच्या आत, भात दिवसातून एकदाच, चहा चाराचे दोन आणि त्यात साखर अर्धा चमचा, संध्याकाळी कालव्याच्या कडेने ४० मिनिटं चालणं. जुलैअखेर ७१.८. ऑफिसात दोघी-तिघींनी विचारलं, "काय करतेस गं?" मला आकाश ठेंगणं झालं.

त्यानंतर काटा हलायचं नाव घेत नाही. ७१.५, ७२.३, ७१.९, परत ७२.४. दहा आठवडे झाले. त्यात पावसाने चालणं बुडवलं, गणपतीत दहा दिवस मोदक, नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा. (हो, माहीत आहे. एकादशी, दुप्पट खाशी.) आता दिवाळी पंधरा दिवसांवर.

संध्याकाळचं जमेना म्हणून सकाळी जायचं ठरवलं. परवा बूट घालून सोफ्यावर बसले ती वीस मिनिटं तशीच. मग बूट काढले आणि चहा टाकला. काल तेच. आज तेच, आणि आता हा धागा काढतेय.

कुठलं डाएट करू असं विचारत नाहीये. काटा हलत नसताना तुम्ही रोज उठून जाता कसे, एवढंच सांगा. सुविचार नकोत. ते आमच्या घरच्या ग्रुपवर पहाटे सहापासून येतात.

निवांत_बापू | ५ ऑक्टोबर, ७.३२

तुम्ही बूट तरी घालता. आमचे बूट बघून परवा पाहुण्यांनी विचारलं, नवीन का? २०२१ चे आहेत.

(दिवे घ्या. धागा वाचतोय.)

पर्वतीचे_काका | ५ ऑक्टोबर, ८.४५

ताई, वय वर्षे ६९. गेली अकरा वर्षं रोज पर्वती. १०३ पायऱ्या, सुरुवातीला एकदा, आता तीनदा. उत्साहाचं विचाराल तर मला तो एकही दिवस नसतो. पहाटे गजर झाला की पहिला विचार रोज तोच, आज राहू दे.

तरी जातो, कारण वर देवदेवेश्वराच्या आवारात आमचा पाच जणांचा कंपू जमतो. जो येत नाही त्याच्याविषयी उरलेले चार बोलतात. काय बोलतात हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण मीही बोलतो. म्हणून जातो. अकरा वर्षांत दुसरं कारण सापडलेलं नाही.

पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा सोसायटीचा जिना. चार मजले, पाच फेऱ्या. पावसामुळे बुडलं हे मी ऐकून घेत नाही.

हिंजवडी_लोकल | ५ ऑक्टोबर, १०.२०

काका, दंडवत.

माझी कथा उलटी आहे. मला उत्साहाचा अतिरेक होता. गेल्या वर्षी जानेवारीत जिमची वर्षभराची फी एकरकमी भरली, १९ दिवस गेलो. मग ती शाखाच बंद झाली. पैसे मागितले तर म्हणाले, दुसऱ्या शाखेत ट्रान्सफर करून देतो. ती शाखा खराडीत, मी राहतो बावधनला. असो, हा धाग्याचा विषय नाही, पण जखम अजून ओली आहे.

मग मोबाइलमध्ये रोज दहा हजार पावलं मोजायला लागलो. सलग ९४ दिवस. पंच्याण्णवाव्या दिवशी पाऊस, हिंजवडीतून निघून घरी पोचायला पावणेतीन तास लागले, रात्रीचे साडेदहा, पावलं ३,१००. साखळी तुटली. त्यानंतर चार महिने मी अक्षरशः काहीही केलं नाही. एक दिवस चुकला म्हणून चार महिने! आकडा शून्यावर आलेला बघितला आणि मनातून उतरलंच सगळं.

नंतर वाचलं की हे दहा हजार काही कुठल्या डॉक्टरने तपासून काढलेले नव्हते. १९६५ मध्ये जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' अशा अर्थाचं होतं. तिथून हा आकडा जगभर गेला. म्हणजे मी एका जाहिरातीपुढे चार महिने शरमिंदा होऊन बसलो होतो.

आता नियम एकच. बूट घालून दहा मिनिटं. फाटकातून डावीकडे निघायचं आणि दहा मिनिटांनी वाटलं तर खुशाल परत फिरायचं. खरंच परत फिरलो असे दिवस महिन्यातून तीन-चार असतील. पण तेही मी 'गेलो' यातच धरतो. ८९ वरून ८१ ला आलोय, १४ महिन्यांत. हळू आहे, पण चाललंय.

दोनवेळवाला | ५ ऑक्टोबर, ११.०५

एवढी चर्चा कशाला? दिवसातून दोनदाच जेवा, मधे पाण्याशिवाय काही नाही. पाच महिन्यांत ९ किलो गेले माझे.

निवांत_बापू | ५ ऑक्टोबर, ११.०९

आणि आले किती?

दोनवेळवाला | ५ ऑक्टोबर, ११.४०

सहा. पण ती माझी चूक. लग्नसराई होती.

सोनचाफा | ५ ऑक्टोबर, दुपारी २.१५

आनंदनगरची, तुझं वाचून वाटलं माझंच कुणीतरी टंकलंय. माझाही काटा असाच अडला होता, ६९ वर, तीन महिने. मी चालणं वाढवलं, पोळ्या तिनाच्या दोन केल्या, चिडचिड तेवढी वाढली.

मग एकदा किराण्याची यादी करताना लक्षात आलं की महिन्याला पाच लिटर तेलाचा डबा संपतो आणि वर आम्ही 'आमच्याकडे तळण नसतंच' म्हणतो. माणसं चार. हिशेब मांडला. पाच लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो. तीस दिवस, चार माणसं, म्हणजे माणशी रोज ३८ ग्रॅम. एका ग्रॅमला ९ कॅलरी, झाल्या ३४०! माझ्या पाऊण तासाच्या चालण्यात जेवढं खर्च होतं त्याच्या जवळपास दीडपट मी कढईतूनच पोटात घालत होते, आणि डोळा मात्र पोळीवर.

मोठं काही केलं नाही. ओट्यावरची तेलाची बरणी काढली, कारण तिच्यातून तेल 'ओतलं' जातं. डब्यात मोजायचा चमचा टाकला. चौघांच्या पोह्यांना चार चहाचे चमचे, भाजीला तीन. डब्याच्या झाकणावर मार्करने तारीख लिहिते, फोडला कधी. पहिल्या आठवड्यात नवऱ्याने विचारलं, "आज फोडणी रुसली का?" लेकीने वांग्याच्या भाजीकडे बघून तोंड वाकडं केलं. तिसऱ्या आठवड्यापासून कुणाला कळेना. आता तोच डबा पन्नास दिवस पुरतो.

खरं सांगू, मला काट्यापेक्षा त्या झाकणावरच्या तारखेचं जास्त कौतुक वाटायला लागलं. काटा माझं ऐकत नाही, डबा ऐकतो.

आहारवाली | ५ ऑक्टोबर, ३.५०

सोनचाफा, हे मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगणार आहे. 'काटा ऐकत नाही, डबा ऐकतो.' श्रेय देईन.

मी आहारतज्ज्ञ आहे, जाहिरात करत नाही, म्हणून नाव नाही.

धागाकर्ती, दहा आठवडे अडणं यात नवल काहीच नाही. तुम्ही साडेसहा किलोचं ओझं उतरवलंत ना, आता तेच अंतर चालायला शरीराला कमी खर्च येतो. बसल्या जागीही कमी लागतं. शिवाय मार्चमध्ये मोजून घेतलेली अर्धी वाटी भात सप्टेंबरात डोळ्यांनी वाढलेली असते. ती अर्धी राहत नाही, माझीही राहत नाही. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. आठवड्याला पाव किलो घटवायची तर रोज पावणेतीनशेची तूट हवी. एक बेसनाचा लाडू आणि एक कप गोड चहा, संपली तूट.

आणि काटा फक्त चरबी मोजत नाही. पापड-लोणचं जास्त झालं, पाळी जवळ आली, झोप झाली नाही, शरीर पाणी धरून ठेवतं आणि किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं. तुम्ही पाव किलो चरबी खरोखर गमावली असेल आणि त्याच दिवशी काटा अर्धा किलो वर दाखवेल. म्हणून रोज वजन करून हिरमुसायचं असेल तर करू नका. करायचंच असेल तर सात दिवसांची सरासरी काढा, एकेका आकड्याकडे बघू नका.

तुमच्या यादीत मला दोन गोष्टी दिसल्या नाहीत. एक, प्रथिनं. ७२ किलोला दिवसाला साधारण ६० ग्रॅम लागतात. पोळी-भाजी-आमटी-भात यात निम्मी भरली तरी पुष्कळ. घट्ट उसळ, पिठलं, दही, ताक, अंडी चालत असतील तर अंडी (एकात सहा ग्रॅम), नाहीतर सोयाबीनच्या वड्या, पनीर. दुसरं, ताकदीचा व्यायाम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच्याच पुढच्या ओळीत आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितलाय, ती ओळ कुणी वाचत नाही. चाळिशीनंतर बायकांनी तर वाचायलाच हवी. ओट्याला धरून उठाबशा, भिंतीवर हात टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या दोन बाटल्या घेऊन हात वर-खाली. पंधरा मिनिटं बास.

आणि मार्चनंतर एचबीएवनसी परत केलंच नाहीत ना? ज्याच्यासाठी सुरुवात केली तेच बघितलं नाहीत. सोबत थायरॉइडची टीएसएच तपासणीही करा.

खवय्या_कर्वेनगर | ५ ऑक्टोबर, ६.३०

मला या वजन-प्रकरणाचं हसू येतं. पन्नाशी ओलांडली, ६३ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२. रविवारी मिसळ, रोज दोनदा अमृततुल्य, व्यायाम शून्य. पोट थोडं आहे, ते सुखवस्तूपणाचं. खा-प्या-मजेत राहा.

आहारवाली | ५ ऑक्टोबर, ७.१५

खवय्या, तुमच्यासाठीच आपल्या पुण्यातली एक गोष्ट. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. आपण भारतीय काट्यावर बारीक आणि आतून जाड असू शकतो, हे सांगायला त्यांनी स्वतःचंच उदाहरण दिलं.

तेव्हा काटा सोडा, टेप घ्या. आपल्याकडच्या पुरुषांसाठी कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटर, बायकांसाठी ८०. पोट आत न ओढता मोजायचं.

खवय्या_कर्वेनगर | ५ ऑक्टोबर, ७.५८

टेप सापडत नाहीये.

निवांत_बापू | ५ ऑक्टोबर, ८.०१

सापडलाय. ९० च्या पुढचे आकडे सापडलेत.

कोथरूडची_सून | ६ ऑक्टोबर, दुपारी १२.४०

सगळं पटलं, पण घरच्या आग्रहाचं काय करता? मी भात नको म्हटलं की सासूबाई, "एवढ्याशाने काय होतंय." माहेरी गेले की आई, "किती वाळलीस!" मी ७६ किलोची. मावशीकडे तर 'नको' म्हटलं की वाढप्याचा हात अजून खाली येतो. आणि दिवाळीत फराळाची ताटं या घरातून त्या घरात फिरणार. नाही म्हटलं तर शिष्टपणा, हो म्हटलं तर पंधरा दिवस गेले.

सोनचाफा | ६ ऑक्टोबर, १.१०

'डाएट' हा शब्दच उच्चारायचा नाही. तो ऐकला की समोरचा पेटतो. मी म्हणते, "अॅसिडिटी आहे हो." पुण्यात अॅसिडिटीला मान आहे.

फराळाचं म्हणशील तर मी तो नाश्त्याला खाते, नाश्त्याच्या जागी. ताटलीत एक चकली, अर्धा लाडू, मूठभर पातळ पोह्यांचा चिवडा, सोबत ताक. बसून. खरा गोंधळ जेवणाच्या टेबलावरच्या उघड्या डब्याचा. येता-जाता चिवड्याची एक चिमूट, तिचा हिशेब देवही ठेवत नाही. डबे वरच्या फळीवर, स्टुलाशिवाय हात न पोचणारे. दरवेळी स्टूल ओढायचं म्हणजे घरभर आवाज होतो. लाज वाटते, तेवढी पुरते.

पर्वतीचे_काका | ६ ऑक्टोबर, ५.२०

आमच्या काळी चकली दिवाळीतच मिळायची. आता बारा महिने दुकानात आहे आणि दिवाळीलाच दोष. असो. माझी बायको करंज्या करते. मी चार दिवस दोन-दोन खातो आणि चार दिवस चार फेऱ्या करतो. हिशेब जुळत नाही हे मला कळतं. पण फेरी चुकत नाही.

आनंदनगरची | ७ ऑक्टोबर, रात्री ९.३०

एवढे प्रतिसाद! सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आज घरातला तेलाचा डबा बघितला. महिन्याला साडेचार लिटर, माणसं तीन. सोनचाफा, तुला काय सांगू. तोंडातून शब्द फुटेना.

आज बूट घालून डावीकडे वळले. नऊ मिनिटांनी घड्याळ बघितलं आणि रागाने पुढे चालत राहिले.

तपासण्या दिवाळीनंतर करते.

हिंजवडी_लोकल | ७ ऑक्टोबर, ९.४१

राग चालतो. माझ्याकडे तर जिमवाल्याचा आहे, अजून पुरतोय.

आनंदनगरची | १४ नोव्हेंबर, सकाळी १०.०५

धागा वर काढतेय, रागावू नका. हकिगत द्यायची राहिली होती.

आधी वाईट. दिवाळीच्या आठवड्यात व्यायाम फक्त दोन दिवस झाला. फराळाचे डबे वरच्या फळीवर ठेवले होते, पण आमच्या चिरंजीवांची उंची पाच फूट अकरा आहे हे लक्षात घेतलं नव्हतं. तो काढून टेबलावर ठेवायचा. भाऊबीजेला माहेरी किती खाल्लं ते लिहीत नाही.

आज सकाळी वजन ७१.६. म्हणजे जुलैपेक्षा दोनशे ग्रॅम कमी. साडेतीन महिन्यांत दोनशे ग्रॅम! ऑगस्टमध्ये हा आकडा बघून मी रडले असते.

पण गेल्या आठवड्यात भाच्याच्या लग्नासाठी ब्लाउज टाकायला नेहमीच्या शिंप्याकडे गेले. वीस वर्षं तेच शिवतात, त्यांच्याकडे निळ्या पुठ्ठ्याची वही आहे, त्यात प्रत्येकीचं एक पान. मी म्हटलं मापं तीच आहेत, गेल्या वर्षीच घेतलीत. ते म्हणाले, नाही ताई, खांद्यावरून वेगळं दिसतंय. टेप काढला. छाती, मग कंबर, मग दंड. काही बोलले नाहीत. वहीतला जुना आकडा पेनाने खोडला आणि शेजारी नवा लिहिला. दंड एक इंच कमी. कंबर अडीच इंच. मग चष्म्यावरून बघून म्हणाले, "जुने सगळे घेऊन या, टीप मारून देतो. प्रत्येकी साठ रुपये."

बाहेर येऊन मी स्कूटीवर पाच मिनिटं नुसती बसले होते. यावेळी बरं वाटत होतं म्हणून.

पाण्याच्या बाटल्या घेऊन आठवड्यातून तीनदा करते, ते लिहायचं राहिलं. आता दोन लिटरच्या घेते. पिठलं आठवड्यातून दोनदा होतं, घरचे वैतागलेत. तेल तीन लिटरवर आलंय. एचबीएवनसी ५.८, टीएसएच ठीक.

आहारवाली | १४ नोव्हेंबर, १०.३०

वा! त्या शिंप्यांना माझ्याकडे नोकरीला पाठवा.

५.८ म्हणजे मधुमेहपूर्व पट्ट्यातच आहात अजून, ५.७ च्या खाली गेलात की बाहेर. डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा, मला दाखवून भागवू नका.

कोथरूडची_सून | १४ नोव्हेंबर, ११.१५

मी अॅसिडिटी सांगितली. सासूबाईंनी आता रोज सकाळी कोकमाचं सरबत सुरू केलंय, साखर घालून. उपाय सुचवा.

पर्वतीचे_काका | १४ नोव्हेंबर, संध्याकाळी ४.००

आनंदनगरच्या ताई, तुमच्या घरापासून पर्वती लांब नाही. परवा रविवारी सकाळी साडेसहाला पायथ्याशी या. सहा पस्तीसला आम्ही चढायला लागतो, थांबत नाही. आणि पुढच्या वेळी आला नाहीत तर काय होतं ते मी वर लिहिलेलंच आहे.

आनंदनगरची | १४ नोव्हेंबर, ४.२०

येते काका. बूट दाराशी काढून ठेवते.

पर्वतीचे_काका | १४ नोव्हेंबर, ४.२२

घालून सोफ्यावर बसू नका.

निवांत_बापू | १४ नोव्हेंबर, ४.२५

मीही येतो. वर नाही, खाली थांबतो. चपला सांभाळायला कुणीतरी लागतोच.

पर्वतीचे_काका | १४ नोव्हेंबर, ४.२७

चपला वर काढतात.